खिंडीतलं उत्तर

एकाच मापाच्या दोन बांगड्या घ्या. काचेच्या चालतील, पण साबणाच्या पाण्यात बोटं निसटतात, तेव्हा धातूच्या असल्या तर बरं. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवा, त्यात जरासं ग्लिसरीन घाला, दोन्ही बांगड्या एकमेकींना लावून बुडवा, बाहेर काढा आणि समोरासमोर धरून सावकाश दूर न्या. मधोमध आडवा गोल पापुद्रा राहिला असेल तर तो कोरड्या बोटानं फोडून टाका. आता दोन बांगड्यांमध्ये साबणाची एक नळी उभी असते, कमरेत बारीक झालेली.

बांगडीचा व्यास सहा सेंटिमीटर असेल, तर अंतर चार सेंटिमीटरला टेकेपर्यंत ही नळी तग धरते. मग कंबर एकाएकी आवळते, नळी तुटते आणि प्रत्येक बांगडीत एकेक सपाट पापुद्रा उरतो. हात कितीही स्थिर ठेवा, त्यापुढे तिला नेता येत नाही. व्यासाच्या सुमारे ०.६६३ पट, ही मर्यादा थेट गणितातून निघते.

या नळीचा आकार ऑयलरनं १७४४ मध्ये काढला. दोन टोकांना धरलेली साखळी जशी लोंबते ती वक्ररेषा अक्षाभोवती फिरवली की हा आकार मिळतो. बांगड्या जवळ असताना हे समीकरण सोडवलं तर मात्र एक विचित्र गोष्ट हाती लागते: उत्तरं दोन येतात. एक जाड कमरेची नळी, एक बारीक कमरेची. दोन्ही समीकरणाला तंतोतंत पटतात, पण बारीक कमरेची कधीही दिसत नाही. बांगड्या दूर नेल्या की जाड नळी बारीक होत जाते, बारीक नळी जाड होत जाते, चार सेंटिमीटरपाशी दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि पुढे एकही उरत नाही. आधी दोन, मग एक, मग शून्य.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते आणि ‘दोन, एक, शून्य’ या गणतीचाच अभ्यास करते. माझ्या प्रबंधाच्या नावात ‘सिंग्युलर इलिप्टिक समीकरणांच्या अनेक उत्तरांचं अस्तित्व’ असं काहीसं आहे. घरात कुणी ते नाव पूर्ण वाचल्याचं ऐकिवात नाही. स्टाफरूममध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या एका सरांनी ते वाचलं आणि थेट विचारलं, “मॅडम, जे लॅबमध्ये कधी येतच नाही, त्याला उत्तर कसं म्हणायचं? आमच्याकडे असलं काही निघालं की आम्ही त्यावर काट मारतो.”

“मारा की. पण काट मारण्याआधी ते कुठे होतं तेवढं लिहून ठेवा,” मी म्हटलं.

माझं म्हणणं तेवढंच आहे. बाकीचा लेख त्याची फोड.

आधी समीकरण कसलं ते पाहू. चौकटीवर ताणून बसवलेला पातळ पडदा डोळ्यासमोर आणा. पडद्यावरचा एखादा बिंदू भोवतालच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा किती खाली आहे, हे मोजणाऱ्या राशीला लाप्लासियन म्हणतात. त्या बिंदूवर जितका जोर, तितका लाप्लासियन, असा हिशोब मांडणारं समीकरण ते इलिप्टिक. यात काळ नसतो, सगळं थांबल्यानंतरची स्थिती असते. एका कोपऱ्यात बोट टेकवलं तर त्याचा परिणाम थोडाफार का होईना, सगळ्या पडद्यावर होतो. आणि सिंग्युलर अशासाठी, की जोराच्या सूत्रात अज्ञात राशी छेदात बसलेली असते. छेद शून्याकडे गेला की जोर अनंताकडे जातो.

असा जोर निसर्गात कुठे भेटतो? इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांच्याच कपाटात. सिलिकॉनच्या चिपवर कोरलेली अतिसूक्ष्म यंत्रं असतात. मोबाइल आडवा केला की स्क्रीन आडवी करणारा संवेदक त्यांच्याच कुळातला. यांतल्या एका साध्या रचनेत खाली स्थिर पट्टी, वर लवचीक पडदा आणि मध्ये काही मायक्रॉनांची फट असते. दोन्हींमध्ये व्होल्टेज दिलं की विरुद्ध भार एकमेकांना ओढतात आणि पडदा खाली झुकतो. झुकला की फट कमी होते, फट कमी झाली की ओढ वाढते, आणि वाढते ती फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. पडद्याचा ताण त्याला परत वर खेचत असतो, पण तो बिचारा साध्या सरळ प्रमाणात वाढतो. व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे गेलं की ताण हरतो आणि पडदा धाडकन खाली जाऊन चिकटतो. इंजिनिअर याला पुल-इन म्हणतात. वेस्टिंगहाउस कंपनीच्या हार्वी नेथनसन आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये थरथरणाऱ्या धातूच्या पट्टीचा एक ट्रान्झिस्टर बनवला, तेव्हा त्यांना हे हिशोबात धरावं लागलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये जी. आय. टेलर यांनी वेगवेगळ्या विद्युतपातळीवरचे, जवळजवळ ठेवलेले द्रवाचे थेंब एकमेकांत कसे मिसळतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र निराळं, पण गणित तेच.

पडद्याऐवजी स्प्रिंगला टांगलेली एक कडक पट्टी घेतली तर हे सगळं शाळेतल्या बीजगणितात मावतं. पूर्ण फट १ माना आणि पट्टी त्यातली क्ष इतकी खाली आली असं समजा. स्प्रिंगचा जोर क्ष. विजेचा जोर लॅम्डा भागिले (१ − क्ष)². लॅम्डा म्हणजे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलणारा आकडा. पट्टीचं क्षेत्रफळ, स्प्रिंगचा कडकपणा वगैरे सगळं त्यातच गुंडाळलंय. दोन्ही जोर सारखे झाले की पट्टी थांबते, म्हणजे

क्ष × (१ − क्ष)² = लॅम्डा.

आता डाव्या बाजूला आकडे घालत चला. क्ष ०.१ असेल तर ०.०८१. क्ष ०.२ असेल तर ०.१२८. क्ष एक-तृतीयांश असेल तर ४/२७, म्हणजे साधारण ०.१४८. क्ष ०.५ केला तर ०.१२५, ०.७ केला तर ०.०६३. आकडा चढतो, एक-तृतीयांशाला माथा गाठतो आणि उतरतो. म्हणून लॅम्डा ०.१४८ पेक्षा जास्त असेल तर पट्टीला थांबायला जागाच नाही. कमी असेल तर दोन जागा आहेत. लॅम्डा ०.१ घेतला तर एक जागा ०.१३३ ला आणि दुसरी ०.५८७ ला. (तिसरं मूळही निघतं, पण ते १ च्या पलीकडे, म्हणजे खालच्या पट्टीच्या पोटात. त्यावर मीसुद्धा काट मारते.) फटीचा एक-तृतीयांश भाग ओलांडला की पट्टी गेलीच, हा नियम या विषयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. तो याच घनसमीकरणातून येतो.

०.१३३ ही जागा टिकाऊ आहे. पट्टीला जरा ढकललं तरी ती परत येते. ०.५८७ ही जागा टिकत नाही. जोर तिथेही बरोबर आहेत, पण रेसभर वर सरकली तर स्प्रिंग तिला ०.१३३ पर्यंत नेऊन सोडते आणि रेसभर खाली सरकली तर वीज तिला गिळते. सरांची काट याच जागेवर.

एका पट्टीच्या जागी पडदा आला की अज्ञात ही एक संख्या राहत नाही. पडद्याच्या प्रत्येक बिंदूचं झुकणं अज्ञात असतं, म्हणजे अनंत अज्ञातं. मग आकडे घालून बघण्याची सोय संपते आणि ऊर्जेचा रस्ता धरावा लागतो. प्रत्येक संभाव्य आकाराला एक ऊर्जा द्यायची: ताणामुळे साठलेली अधिक, विजेची वजा. ज्या आकारापाशी ऊर्जेचा उतार सर्व दिशांनी शून्य होतो तो आकार समीकरणाचं उत्तर असतो. समीकरण सोडवायचंच नाही, ऊर्जेच्या प्रदेशात सपाट जागा शोधायच्या. व्हेरिएशनल पद्धत म्हणतात ती एवढीच.

सगळ्यांत सोपी सपाट जागा म्हणजे दरीचा तळ. ऊर्जा खालून मर्यादित आहे, तेव्हा तिची किमान किंमत कुठेतरी असणारच, असं रीमाननं १८५१ च्या प्रबंधात गृहीत धरलं आणि पुढे या तत्त्वाला आपल्या गुरूचं, डिरिक्लेचं नाव दिलं. वायरश्ट्रासनं १८७० मध्ये त्यातली फट दाखवली. त्याचं उदाहरण सुरेख आहे. उणे एकपासून एकपर्यंत एक रेषा न्यायची. दोन टोकांच्या उंच्या ठरलेल्या आणि वेगवेगळ्या. प्रत्येक ठिकाणचा खर्च म्हणजे उताराचा वर्ग गुणिले क्ष². शून्यापाशी क्ष² जवळजवळ नाहीच, तिथे चढणं जवळपास फुकट. म्हणून सगळा चढ शून्याभोवतीच्या अरुंद पट्ट्यात कोंबायचा. पट्टा अरुंद करत जा, खर्च कमी होत जातो, शून्याच्या हवा तितका जवळ जातो. पण बरोबर शून्य खर्चाची रेषा नाहीच. किमान किंमत आहे, ती गाठणारं कुणी नाही. हिल्बर्टनं विसाव्या शतकाच्या तोंडावर हे तत्त्व पुन्हा उभं केलं आणि त्यासाठी कोणत्या अटी लागतात हे पुढच्या कित्येक वर्षांत हळूहळू साफ होत गेलं.

तळ मिळाला म्हणजे पहिलं उत्तर मिळालं. दुसरं उत्तर तळाला नाही, हे पट्टीच्या उदाहरणातच दिसतं. तिची ऊर्जा क्ष²/२ वजा लॅम्डा/(१ − क्ष) अशी आहे. हिचा आलेख काढा: ०.१३३ ला खड्डा, ०.५८७ ला टेकाड, आणि पलीकडे १ जवळ येताच सरळ पाताळात. एका मितीत टेकाडाचा माथा सापडणं कठीण नाही. अनंत मितींत कसा शोधायचा?

इथे मी विद्यार्थ्यांना पुणे–सातारा रस्त्यावर नेते. शिरवळ नीरेच्या खोऱ्यात, वाई कृष्णेच्या खोऱ्यात आणि मध्ये डोंगराची रांग. शिरवळहून वाईला जायच्या वाटा हव्या तितक्या काढता येतील. प्रत्येक वाटेवर कुठेतरी सर्वांत उंच बिंदू असेल. ज्या वाटेचा हा सर्वोच्च बिंदू सगळ्यांत कमी उंचीचा, ती वाट निवडा. तो बिंदू म्हणजे खिंड. आपल्या रस्त्यावर खंबाटकी. वाटेच्या दिशेनं पाहिलं तर तो माथा आहे, रांगेच्या दिशेनं पाहिलं तर सर्वांत खोलगट जागा, आणि बरोबर त्या ठिकाणी जमीन सपाट. म्हणजे तिथेही समीकरणाचं उत्तर आहे, आणि ते तळातल्या उत्तराहून वेगळं आहे, कारण मध्ये चढ आहे. (साताऱ्याहून पुण्याकडे येताना बोगदा लागतो. गणितात बोगद्याला परवानगी नाही.)

अंतोनियो अँब्रोसेत्ती आणि पॉल राबिनोविट्झ यांनी १९७३ मध्ये ही कल्पना अनंत मितींच्या अवकाशात प्रमेय म्हणून सिद्ध केली. तिचं इंग्रजी नावही डोंगरातल्या खिंडीवरूनच आहे. प्रमेय सांगायला पाच मिनिटं पुरतात. त्याची अट समजायला मात्र मला बराच वेळ लागला. दोन्ही बाजूंना सखल जागा आणि मध्ये डोंगराचं पूर्ण कडं असलं तरी खिंड असेलच असं नाही. दोनच चलांचं एक नामी उदाहरण आहे:

क्ष² + (१ − क्ष)³ × य².

उगमापाशी याची किंमत शून्य आणि भोवताली सगळीकडे चढ. क्ष ४ आणि य १ घेतलं तर किंमत उणे ११, म्हणजे उगमाहून कितीतरी खाली. मध्ये डोंगर आहे, दोन्हीकडे सखल आहे, आणि तरी उगमाखेरीज एकही सपाट बिंदू नाही. कागद-पेन्सिल घेऊन खात्री करा, दोन ओळींचं काम आहे. वाटा सुधारत नेल्या की सर्वोच्च बिंदू खाली येतो आणि येता येता दूर, अनंताकडे निसटतो. खिंड नकाशाबाहेर पळून जाते. ती पळणार नाही याची हमी देणारी अट रिचर्ड पॅले आणि स्टीफन स्मेल यांनी १९६४ मध्ये मांडली होती. या विषयातल्या कुठल्याही शोधनिबंधाची अर्धी पानं ही अट तपासण्यातच जातात, आणि माझ्या मते वाचण्यासारखी तीच असतात.

सिंग्युलर समीकरणात यापुढची अडचण येते. पडद्याच्या ऊर्जेत १/(१ − झुकणं) आहे. एकाही ठिकाणी झुकणं १ ला टेकलं तर ऊर्जेची व्याख्याच डळमळते, उतार काढणं दूरच. प्रमेयाला हवी असते सर्वत्र गुळगुळीत जमीन. इथे जमिनीत सरळ कडा आहे. पिएरपाओलो एस्पोसितो, नासिफ गसूब आणि युजिन गुओ यांनी २००७ मध्ये यावर जी वाट काढली ती मला फार आवडते. १ च्या जरासं अलीकडे मूळ जोर तोडायचा आणि त्याच्या जागी माफक गतीनं वाढणारा बनावट जोर जोडायचा. आता जमीन गुळगुळीत झाली, खिंडीचं प्रमेय लावायचं, बनावट समीकरणाचं उत्तर मिळवायचं. आणि मग खरं काम: मिळालेला पडदा त्या बनावट भागापर्यंत पोचतच नाही, हे सिद्ध करायचं. पोचत नसेल तर त्याच्या लेखी बनावट आणि खरं समीकरण एकच. व्होल्टेज कमाल मर्यादेच्या जवळ असताना दुसरं उत्तर असतं, हे त्यांनी अशा रीतीनं दाखवलं, आणि तेही सात मितींपर्यंत. इंजिनिअरांना दोन मिती पुरतात. आठवी आम्हाला का अडते हे त्यांना समजावण्याच्या फंदात मी पडत नाही.

सिंग्युलर समीकरणांचं दुसरं एक घराणं आहे, तिथे कडा मध्यभागी नसून काठावर असते. पडदा काठाला शून्य उंचीवर बांधलेला आणि जोर उंचीच्या व्यस्त प्रमाणात, किंवा व्यस्त घाताच्या प्रमाणात. म्हणजे प्रत्येक उत्तराला काठावर अनंत जोराशी गाठ घालणं भागच. वीज वाहणाऱ्या पदार्थातल्या उष्णतेच्या संदर्भात फुल्क्स आणि मेबी यांनी १९६० मध्ये असं समीकरण अभ्यासलं. १९७७ मध्ये क्रँडल, राबिनोविट्झ आणि तार्तार यांनी त्याचा पाया घातला. यातले राबिनोविट्झ तेच, खिंडीवाले. इथे मात्र त्यांची मुख्य भिस्त तुलनेवर होती: उत्तराला वरून एक आणि खालून एक ओळखीचं फल लावून कैचीत धरायचं. १९९१ मध्ये लेझर आणि मॅककेना यांनी एक नेमका उंबरठा दाखवला. छेदातला घातांक ३ पेक्षा कमी असेल तरच उत्तराची ताणऊर्जा सांत असते. ३ च का? घातांक बरोबर ३ असेल तर उत्तर काठापासूनच्या अंतराच्या वर्गमुळासारखं उठतं. वर्गमुळाचा आलेख सुरुवातीला उभाच्या उभा असतो. त्या उताराच्या वर्गाची काठापासून बेरीज करा; ती लॉगरिदमच्या चालीनं, सावकाश, पण अनंतालाच जाते. त्यापुढे ऊर्जेचा रस्ता जसाच्या तसा चालत नाही.

या घराण्यात व्यस्त जोराच्या जोडीला वेगानं वाढणारा दुसरा जोर घातला की पुन्हा दोन उत्तरं येतात. कुठलाही एक आकार घ्या आणि त्याची उंची शून्यापासून वाढवत न्या. ऊर्जा आधी थोडी खाली जाते (व्यस्त जोराची करामत), मग ताणामुळे वर चढते, शेवटी दुसऱ्या जोरामुळे कोसळते. एक खड्डा, एक टेकाड. पट्टीच्या आलेखाचाच हा सख्खा भाऊ. सून यिजिंग, वू शाओपिंग आणि लाँग यिमिंग यांनी २००१ मध्ये यातून दोन धन उत्तरं काढली. इथली अडचण अशी, की शून्यापाशी ऊर्जेला सर्व दिशांनी उतारच नसतो. पडदा वर ढकलून बघता येतो, खाली ढकलून नाही. नेहमीच्या युक्त्या दोन्ही दिशांचा उतार मागतात, म्हणून एका दिशेच्या माहितीवर काम भागवण्याची नवी हत्यारं घडवावी लागली.

हा विषय आपल्याकडे कसा रुजला, तेही सांगते. १९५७ मध्ये फ्रेंच गणिती जाक-लुई लिओन्स यांनी मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये इलिप्टिक समीकरणांवर व्याख्यानं दिली. त्यांच्या टिपणांची पुस्तिका संस्थेनं काढली. १९७७ च्या त्रयीतले ल्यूक तार्तार हे लिओन्स यांचे विद्यार्थी. पुढे टाटा संस्थेचं उपयोजित गणिताचं केंद्र बंगळुरूत वाढलं. तिथल्या आदिमूर्ती यांनी फ्रान्समधल्या पो विद्यापीठाचे जाक जियाकोमोनी यांच्याबरोबर २००६ मध्ये दोन मितींतला एक बिकट प्रश्न हाताळला. काठावर व्यस्त जोर आणि जोडीला घातांकी पद्धतीनं, म्हणजे चालू शकेल तितक्या कमाल वेगानं वाढणारा जोर. अशा ठिकाणी खिंड नेमकी पळून जायच्या बेतात असते, आणि तिला धरून ठेवणं हीच त्या निबंधाची कामगिरी.

‘दोन, एक, शून्य’ यावर मी इतका वेळ बोलले, पण गणती नेहमी एवढी सोज्वळ नसते. पडदा गोल घेतला, त्रिज्या १ धरली, तर लॅम्डाची कमाल मर्यादा साधारण ०.७८९ येते. तिच्या जरा अलीकडे उत्तरं दोन. तिथून मागे ४/९ कडे, म्हणजे ०.४४४ कडे सरकत जा, तर उत्तरांची संख्या वाढत जाते आणि बरोबर ४/९ ला ती अनंत होतात. लॅम्डासमोर केंद्राचं झुकणं मांडलं, तर आलेख ४/९ च्या दोन्ही बाजूंना वळणं घेत, प्रत्येक वळण आधीच्याहून लहान करत, वर चढतो. १९७३ मध्येच जोसेफ आणि लुंडग्रेन यांनी जवळच्या समीकरणांसाठी ही वळणं उलगडली होती. ४/९ हा आकडा पडताळून बघणं सोपं आहे: पडदा आणि तळ यांमधली फट केंद्रापासूनच्या अंतराच्या दोन-तृतीयांश घाताइतकी घ्या. समीकरण अचूक सुटतं आणि लॅम्डा ४/९ मिळतो. या आकारात पडद्याचं टोक केंद्रापाशी तळाला टेकलेलं असतं. तो खऱ्या पडद्याचा आकार नव्हे. तरी सगळी वळणं त्याच्याभोवतीच घुटमळतात.

आता सरांच्या काटेकडे येते. ०.१३३ ला बसलेली पट्टी किती मोठा हादरा सोसेल? तिला ०.५८७ पर्यंत चढवायला जितकी ऊर्जा लागेल, तितका. लॅम्डा ०.१ असताना ही चढण ०.०३६६ भरते. लॅम्डा ०.१४ केला तर दोन जागा ०.२४७ आणि ०.४२८ वर येतात आणि मधली चढण उरते ०.००२३ च्या आसपास. लॅम्डा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यानं व्होल्टेज वाढलं फक्त अठरा टक्के. पण हादरा सोसायची ताकद सोळाव्या हिश्श्यावर आली. पुल-इनची मर्यादा ०.१४८ आहे, आपण ०.१४ वर आहोत, म्हणजे ठीक आहोत, असं जो म्हणेल त्याचा संवेदक टेबलावर धड चालेल आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर चिकटून बसेल. टिकणारं उत्तर हे सांगू शकत नाही. किती चढ आहे ते न टिकणाऱ्या उत्तराकडूनच कळतं.

सरांनी हे आकडे स्वतः कॅल्क्युलेटरवर मारून पाहिले आणि उलट माझ्याच हिशोबात एक भर घातली. त्यांच्या स्विचमध्ये तळावर विजेला अडवणारा पातळ थर असतो, त्यामुळे पट्टी तळाला न चिकटता त्या थरावर टेकते. थर ०.९ वर आहे असं धरून मी हिशोब केला. टेकलेल्या पट्टीला स्प्रिंग सोडवू शकते ती लॅम्डा ०.००९ च्या खाली गेल्यावरच. म्हणजे चिकटायला ०.१४८ आणि सुटायला ०.००९, व्होल्टेजमध्ये मोजलं तर जवळपास चौपटीचा फरक. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेही पट्टीला तीन जागा असतात: वरची टिकाऊ, थरावरची टिकाऊ आणि मधली खिंड. दोन्ही बाजूंना दोन खरीखुरी खोरी. स्विच चालतो तो यावरच. एकदा जोर लावून खिंडीपलीकडे ढकला, मग कमी व्होल्टेजवर आरामात धरून ठेवा.

हल्ली ते मापं घेऊन येतात. शेवटची होती एका लांबट पट्टीची, दोन टोकं पक्की बांधलेली, बाजू मोकळ्या. अशा पट्टीत ताणापेक्षा वाकण्याचा विरोध मोठा, त्यामुळे समीकरण दुसऱ्याऐवजी चौथ्या क्रमाचं होतं. त्यात एक मोठी गैरसोय आहे: चौथ्या क्रमाच्या समीकरणांना कमाल-तत्त्व सर्रास लागू होत नाही. एकीकडे जोर वाढला म्हणून पत्रा सगळीकडे त्याच दिशेनं झुकेल, ही खात्री जाते. १९७७ ची वरून-खालून कैचीत धरण्याची युक्ती याच खात्रीवर उभी आहे, ती सरसकट चालत नाही. ऊर्जा मात्र लिहिता येते, खड्डा शोधता येतो, खिंडही शोधता येते. सरांना मी दोन आठवड्यांची मुदत मागितली आहे. त्यांनी तेवढ्यात जाडीचं माप पुन्हा एकदा तपासून द्यायचं कबूल केलंय, कारण वाकण्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो आणि तिथली दहा टक्क्यांची चूक खिंडीच्या उंचीत तीस टक्क्यांच्या घरात जाते.